तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रूअरीतली बिअर स्वस्त का नसते?

क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रूअरींत (बिअरच्या कारखान्यांत) बनणाऱ्या बिअरची, आवड आहे हे एकदा चारचौघांत कळलं की एक प्रश्न पाठ सोडत नाही. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा बिल असतं. "बिअर इथेच बनली, त्या काचेपलीकडच्या टाकीतून थेट ग्लासात आली. ना ट्रक, ना गोदाम, ना मधला व्यापारी. मग बारमध्ये जो भाव, तोच इथे कसा? आणि एवढे पैसे मोजण्याइतकी ती असते तरी का?"

हे खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर धंद्याच्या हिशेबात सापडतं आणि दुसऱ्याचं बिअरच्या वयात. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या बिअरची चव लवकर उतरते ती ब्रूअरीत प्यावी, तिथे ती पैसे वसूल करते. जी टिकते, मुरते किंवा जिचं शेवटचं काम बारवालाच करतो, तिच्यासाठी ब्रूअरी गाठायची गरज नाही. भाव सारखाच असला तरी त्या भावात मिळणारी वस्तू सारखी नसते.

आधी हिशेब. ग्लासातल्या मालाची किंमत आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी असते. पाच टक्के अल्कोहोलच्या एक लिटर बिअरला साधारण दोनशे ग्रॅम माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतो. कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचं प्रमाण मात्र फार बदलतं. साध्या लागरला, म्हणजे थंडीत संथपणे तयार होणाऱ्या बिअरला, लिटरमागे एक-दोन ग्रॅम पुरतात, तर धुरकट दिसणाऱ्या, फळांच्या वासाच्या हेझी आयपीएला (आयपीए म्हणजे हॉप्सचा भर असलेली बिअर) दहा ते वीस ग्रॅमसुद्धा घालतात. शिवाय एवढे हॉप्स टाकीत घातले की ते बिअर शोषून घेतात आणि तळाच्या गाळाबरोबर ती वायाच जाते. म्हणजे आयपीएचा भाव चढा असण्याला थोडं कारण आहे. पण थोडंच. बाकीचा पैसा जातो टाक्यांत, वाफेत, थंड ठेवण्यात, धुण्यात आणि माणसांच्या पगारात. ब्रूअरीत दिवसभर काय चालतं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर 'धुणं' हेच आहे. मोठा कारखाना हा सगळा खर्च लाखो लिटरांवर पसरवतो. छोट्या ब्रूअरीत एका वेळी हजार-दोन हजार लिटर निघतात आणि त्यासाठी माणूस मात्र तेवढाच वेळ राबतो.

इथे लागरवर होणाऱ्या अन्यायाबद्दल बोललंच पाहिजे. "साध्या पिवळ्या बिअरला एवढे पैसे?" असं लोक म्हणतात आणि शेजारच्या आयपीएला निमूट जास्त देतात. आयपीए दोन-तीन आठवड्यांत टाकीबाहेर पडते. नीट केलेली लागर थंड टाकीत चार ते आठ आठवडे पडून राहते आणि तेवढा काळ ती टाकी दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. त्यात लागरमध्ये चूक लपवायला हॉप्सचा पडदा नसतो. छोट्या ब्रूअरीची स्वच्छ, कोरडी पिल्सनर (फिकट लागरचा एक प्रकार) मिळाली तर मी तिचा भाव बिनतक्रार देतो. कित्येकदा त्या यादीतली सगळ्यात कमी फायद्याची बिअर तीच असते.

आता मधला व्यापारी वगळल्याचा फायदा गिऱ्हाइकाला का मिळत नाही? अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, तेव्हा बहुतेक राज्यांनी बनवणारा, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता हे तीन थर कायद्यानेच वेगळे केले. दारूबंदीआधी मोठ्या ब्रूअरी स्वतःचेच गुत्ते चालवत आणि गिऱ्हाइकाला पाज पाज पाजत, ते पुन्हा नको म्हणून. पुढे छोट्या ब्रूअरींना आपल्याच जागेत ग्लास विकायची सवलत ठिकठिकाणी मिळत गेली आणि त्यांचं गणित तिथेच बदललं. बार चालवणारे सहसा असा हिशेब धरतात की ग्लासच्या विक्रीभावाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यात केगमधला (बिअरच्या धातूच्या पिंपातला) माल बसला पाहिजे. त्या हिश्श्यातून घाऊक व्यापाऱ्याचा वाटा गेला की उरेल ते ब्रूअरीचं. तीच बिअर स्वतःच्या काउंटरवर विकली तर अख्खा विक्रीभाव हाती पडतो. अनेक छोट्या ब्रूअरी टाक्यांचे हप्ते या काउंटरवरच फेडतात. केग बाहेर पाठवण्यातून त्यांचं नाव होतं, पोट भरतंच असं नाही.

मग त्यांनी ग्लास स्वस्त का करावा? एक तर त्यांना तो फरक हवाच असतो. दुसरं असं की ज्या बारला केग विकायची, त्याचंच गिऱ्हाईक भाव पाडून पळवलं तर तो बार पुढची केग घेणार नाही. म्हणून भाव बारच्या आसपास ठेवायचा हा अलिखित करार. यात लबाडी नाही. पण "थेट कारखान्यातून, म्हणून स्वस्त" ही आशा सोडलेली बरी.

बारची बाजूही ऐका. पन्नास लिटरच्या केगमधून ५६८ मिलिलिटरचे ब्रिटिश पिंट कागदावर ८८ निघतात. प्रत्यक्षात तितके कधीच निघत नाहीत. नवी केग जोडताना फेस जातो, नळीत उरलेली बिअर धुताना जाते, चुकीचा ग्लास भरला तर तोही जातो. वर भाडं, कर, पगार. त्यामुळे बारवाल्याने चौपट भाव लावला म्हणून मी चिडत नाही. चिडतो ते चौपट भाव लावून नळ्या न धुणाऱ्यावर. अमेरिकेतली ब्रूअर्स असोसिएशन दर चौदा दिवसांनी नळ्या धुवा असं सांगते. नाही धुतल्या की आत जिवाणूंचा थर धरतो आणि बिअरला लोण्यासारखा किंवा आंबूस वास येऊ लागतो. गिऱ्हाइकाला वाटतं ही ब्रूअरीच भिकार, आणि बनवणाऱ्याला मात्र पत्ताही नसतो.

तर मुद्दा वयाचा. ब्रूअर मंडळींत ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे: ३२ अंश सेल्सियसला तीन दिवसांत बिअर जेवढी उतरते तेवढी २२ अंशांना तीस दिवसांत आणि ३ अंशांना तीनशे दिवसांत. काटेकोर नियम नाही हा, पण ढोबळ अंदाज देतो. ब्रूअरीत बिअर तयार झाल्यापासून थंडीतच असते. बारपर्यंत पोचेपर्यंत ती ट्रकमध्ये, गोदामात, मागच्या दारी उतरवून ठेवलेली अशी किती तास उन्हाळ्यात होती, हे ग्लास बघून कळत नाही. वास घेतल्यावर कळतं. हॉप्सचा सुगंध सगळ्यात आधी उडतो आणि कडवटपणा त्यामानाने मागे रेंगाळतो, म्हणून जुनी आयपीए नुसतीच कडू आणि गोडसर लागते. हवा लागली असेल तर पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि हेझी आयपीए तर पिवळ्याची करडी-तपकिरी पडते. कॅलिफोर्नियातल्या स्टोन ब्रूइंगने २०१२ मध्ये 'एन्जॉय बाय' नावाची आयपीए काढली आणि कोणत्या तारखेआत प्यायची ती तारीखच बिअरच्या नावात टाकली. असल्या बिअरसाठी मी ब्रूअरीपर्यंत वाकडी वाट करतो, भाव बारइतकाच असला तरी. ताजेपणाच तिथे विकत घ्यायचा असतो.

पण ब्रूअरी म्हणजे ताजी आणि बार म्हणजे शिळी, असं सरसकट म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ब्रूअरीतल्या बारा नळांपैकी कमी खपणारा एखादा नळ तीन महिने तीच केग ओढत असू शकतो. उलट प्लझेन शहरात १८४२ पासून बनणारी पिल्सनर उर्केल घ्या. कित्येक चेक पबमध्ये ती पाश्चराइझ न करता टँकरने येते, टाकीतल्या पिशवीत भरली जाते आणि बाहेरून हवेच्या दाबाने ती पिशवी पिळून बिअर नळाला येते, म्हणजे बिअरला हवा लागतच नाही. अशा पबमध्ये खप एवढा असतो की बिअरला शिळं व्हायला फुरसत मिळत नाही. ग्लास भरणारा माणूस नळाची तोटी किती उघडायची आणि फेस किती ठेवायचा यात मुरलेला असतो, आणि त्याच्या हाताने चवीत फरक पडतो.

ब्रिटनमधली कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, तर याहून पुढची. ती ब्रूअरीतून अर्धवट अवस्थेतच निघते. पिंपात जिवंत यीस्ट असतं, पबच्या तळघरात ११ ते १३ अंशांत ती पुन्हा थोडी आंबते, गाळ खाली बसतो, आणि ती कधी उघडायची हे तळघर सांभाळणारा ठरवतो. उघडल्यावर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. १९७१ मध्ये कॅम्पेन फॉर रिअल एल ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली ती हीच बिअर वाचवायला. अशा वेळी पबला दिलेले पैसे निव्वळ ओतणावळ नसतात. अर्धी बिअर त्याने केलेली असते. गर्दी नसलेल्या पबमध्ये हीच बिअर घेणं मात्र जुगार आहे.

मुरणाऱ्या बिअरचं गणित आणखी वेगळं. बेल्जियमची ग्यूझ एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपांत राहिलेल्या लँबिकचं (हवेतल्या यीस्टने आंबणाऱ्या आंबट बिअरचं) मिश्रण करून बनवतात. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपात ठेवलेली इम्पीरियल स्टाउट (काळी, कडक बिअर) महिनोन्‌महिने पडून राहते. (ती पिंपं सहज मिळतात, कारण अमेरिकी कायद्यानुसार बर्बनला दरवेळी नवं, आतून जाळलेलं ओकचंच भांडं लागतं. वापरलेल्या पिंपाचं करायचं काय, हा व्हिस्कीवाल्यांचा प्रश्न ब्रूअरींनी सोडवला.) अशा बिअरचा भाव तिच्या वेळेचा आणि पिंपातून उडून गेलेल्या हिश्श्याचा असतो. ती बनली त्या गावात प्यायली काय आणि दूरच्या बारमध्ये प्यायली काय, फार बिघडत नाही. मी तरी ती बारमध्येच घेतो, आणि तेही कोणाबरोबर तरी वाटून.

या सगळ्याला एक झकास अपवाद आहे. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठातले साधू वेस्टव्लेटेरन नावाची बिअर बनवतात. गरजेपुरतीच बनवतात, वर्षानुवर्षं ती आधी नोंदवून मठातूनच न्यावी लागायची आणि नेणाऱ्याने ती पुढे विकू नये अशी त्यांची अट असते. २०१२ मध्ये मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते तेव्हा एकदाच त्यांनी ती परदेशी बाजारात पाठवली. एरवी दूरच्या बारमध्ये ती दिसलीच तर मठातल्या भावाच्या कितीतरी पट किमतीला दिसते. ही बिअर वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे बारमधली चवीला वाईट नसते. पण तो वरचा पैसा साधूंना मिळत नाही, ब्रूअरीला मिळत नाही, आणि बिअर त्याने तसूभरही सुधारलेली नसते. एवढा एक व्यवहार मात्र मला सरळ वाईट वाटतो.

बारची खरी ताकद निवडीत आहे. ब्रूअरीत बसलात की तिच्याच बिअर प्यायच्या, फसलेल्या प्रयोगांसकट. बारापैकी दोन अप्रतिम असतात, सहा ठीक आणि उरलेल्यांना नाव छान दिलेलं असतं. काउंटरवरचा मुलगा "ही आमची फसलीय" असं सांगत नाही, सांगूही शकत नाही. चांगला बारवाला दहा ब्रूअरींच्या त्या दोन-दोन तेवढ्या उचलतो. एखाद्या ब्रूअरीबद्दल काहीच माहीत नसेल तर मी आधी तिची बिअर अशा बारमध्ये चाखतो आणि आवडली तर मग ब्रूअरीत जातो.

पैसे देताना दोनच गोष्टी बघतो. पहिली, ग्लास. 'पिंट' म्हटलं तरी ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटरचा आणि अमेरिकी ४७३ चा, आणि दहा टक्क्यांची स्टाउट तर त्याच्या निम्म्या ग्लासात येते. शंभर मिलिलिटरला किती पडले हे मनात काढल्याशिवाय ब्रूअरी महाग की बार, याला अर्थ नाही. दुसरी, तारीख. केग कधी भरली ते विचारतो. तारीख सांगणाऱ्या बारमध्ये आयपीएसुद्धा बिनधास्त घेतो. "ताजीच आहे सर" असं उत्तर आलं की स्टाउट मागवतो.

राहिला घरी नेण्याचा प्रश्न. ब्रूअरीतून कॅन घेतले तर ते त्यांच्याच काउंटरवरच्या ग्लासपेक्षा मापाला स्वस्त पडतात, बसायच्या जागेचे पैसे त्यात नसतात आणि बिअर तेवढीच ताजी असते. फक्त तळावर भरल्याची तारीख बघा. नळावरून मोठ्या बाटलीत भरून नेत असाल तर ती दोन-तीन दिवसांत संपवा, आणि तोवर गाडीच्या डिकीत ठेवू नका.