वाळूतले पाणी : माचाकोस ते त्सावो

नैरोबीहून मोम्बासाच्या रस्त्याने आग्नेयेकडे निघाले की साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर माचाकोस लागते. केनियाच्या अंतर्भागातील इंग्रजांचे सुरुवातीचे ठाणे याच गावी होते. १८९९ मध्ये रेल्वे नैरोबीपर्यंत पोहोचली आणि कारभारही तिकडे हलला. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, म्हणजे मार्च ते मे या मोठ्या पावसाला बरेच दिवस उलटून गेले होते आणि ऑक्टोबरचा छोटा पाऊस अजून दूर होता. कांबा लोकांचा हा मुलूख त्या दिवसांत जत किंवा आटपाडीच्या उन्हाळ्याइतका उघडा दिसतो.

आमच्या गटातील निम्मे लोक पुण्याचे, तर निम्मे नोकरी-व्यवसायानिमित्त नैरोबीत स्थायिक झालेले. सर्वांनी मिळून माचाकोसजवळच्या एका वाळूबांधासाठी सिमेंट आणि सळ्यांचा खर्च दिला होता. बांध पाहायचा, गावकऱ्यांच्या समितीशी बोलायचे आणि मग आम्बोसेली व त्सावो या राष्ट्रीय उद्यानांच्या सफारीला जायचे, असा बेत होता. सफारीचा खर्च ज्याचा त्याने करायचा आणि देणगीच्या खात्याला हात लावायचा नाही, हे आधीच ठरले होते. तरीही मदतीच्या नावाखाली सहल काढल्याबद्दल काहींनी नाक मुरडलेच. हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण पाण्याचे काम करणाऱ्याने हा सगळा कोरडा पट्टा पाहायलाच हवा, असे माझे मत आहे.

वाळूबांध पाहताना आपल्याकडचा अनुभव जरा बाजूला ठेवावा लागतो. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात वाळू आणि गाळ साचला की आपण तो निकामी झाला असे म्हणतो. येथे मात्र भिंत बांधून झाली की वाळू साचण्याची वाट पाहतात. पावसाळ्यात काही तासच दुथडी वाहणाऱ्या नदीच्या पात्रात, खालचा अखंड खडक लागेपर्यंत पाया खणून, दगड-सिमेंटची भिंत आडवी घालतात आणि तिची दोन्ही टोके काठात खोलवर नेतात. पुराबरोबर आलेली जड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ सांडव्यावरून निघून जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पात्र भिंतीच्या उंचीपर्यंत वाळूने भरते. या वाळूच्या एकूण घनफळाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी तिच्या कणांमधील पोकळीत मावते. पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर गेले की उन्हाने ते जवळपास उडत नाही, उघडे पाणी नसल्यामुळे डास होत नाहीत आणि वाळूतून झिरपताना ते बरेचसे गाळलेही जाते.

काठावर हातपंप बसवला होता, तरी पात्रात बायकांनी खणलेले झिरेही होते. प्रत्येक झिऱ्याभोवती गुरे शिरू नयेत म्हणून काटेरी फांद्यांचे कुंपण घातलेले होते. एक आजीबाई गुडघ्यावर बसून अर्ध्या भोपळ्याच्या तुंब्याने वीस लिटरचा पिवळा कॅन भरत होत्या. दर खेपेस तळाची वाळू ढवळू नये म्हणून त्या तुंबा पाण्यावर आडवा टेकवत आणि पाणी आपोआप आत येऊ देत. कॅन भरल्यावर त्याचा पट्टा कपाळावर घेऊन, पाठीवर ओझे पेलत त्या चढ चढून गेल्या. आमच्यातील कोणी मदतीला पुढे झाले, तेव्हा त्यांनी हसून हातानेच नको म्हटले.

दगड, वाळू आणि श्रम गावाचे, सिमेंट आणि लोखंड बाहेरचे, अशी विभागणी होती. कांबा समाजात एकमेकांच्या कामाला गटाने जाण्याची ‘म्वेथ्या’ ही पद्धत जुनी असून बांधकामही त्याच गटांनी केले होते. समितीच्या खजिनदारबाईंनी हिशेबाची वही आमच्यासमोर ठेवली. तिच्यात कोण किती दिवस कामाला आले याची नोंद होती आणि न आलेल्यांचा दंडही लिहिलेला होता. देणगीदारांचे नाव कोरलेली फरशी बसवावी का, असे आमच्यापैकी एकाने विचारले, तेव्हा त्यांनी फरशीऐवजी सिमेंटची आणखी दोन पोती मिळाली तर बरे, असे उत्तर दिले. मला ते फारच आवडले.

त्यांची खरी चिंता वेगळीच होती. नैरोबीच्या इमारतींना वाळू हवी असते आणि रात्री ट्रक येऊन नदीपात्रे खरवडून नेतात. शेजारच्या माकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळूच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला तो यामुळेच. वाळू गेली की बांधातले पाणीही गेले. भीमा-गोदावरीच्या काठच्या माणसाला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही, आम्हालाही लागले नाही. दुपारी उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), सुकुमा विकी ही पालेभाजी आणि चपाती असे जेवण झाले. ही चपाती भारतीयांबरोबर पूर्व आफ्रिकेत आली आणि आता केनियातील घराघरांत सणासमारंभाला लागते.

आम्बोसेली अवघे ३९२ चौरस किलोमीटरचे आहे, पण तिथले हत्ती जगात सर्वाधिक अभ्यासले गेलेल्यांपैकी असावेत. हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये सुरू केलेले निरीक्षण आजही चालू आहे. डोळ्यांत जाणाऱ्या पांढुरक्या धुळीतून गाडी जाते आणि अचानक हिरवीगार दलदल समोर येते. तिच्यात पोटापर्यंत बुडालेले हत्ती चरत होते. जे बाहेर आले त्यांचे अंग पाण्याच्या रेषेपर्यंत काळेभोर आणि वर धुळीने राखाडी होते. हे पाणी किलिमांजारोचे बर्फ वितळून येते, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ते प्रामुख्याने त्या पर्वताच्या जंगलपट्ट्यात पडलेल्या पावसाचे असते आणि ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून जमिनीखालून इथवर येते. ५८९५ मीटर उंचीचे ते शिखर टांझानियात आहे आणि ढगांनी आम्हाला ते फारसे पाहू दिले नाही.

तिथून पश्चिम त्सावोकडे जाताना लाव्हाचे काळे मैदान ओलांडावे लागते. ते मागे टाकल्यावर म्झिमा झऱ्यांशी शस्त्रधारी रक्षकाबरोबर पायी उतरलो. च्युलू टेकड्यांवर बारमाही ओढा नाही. तिथला पाऊस खडकात मुरतो आणि म्झिमाला आरस्पानी होऊन वर येतो. पाणघोडे आणि माशांचे थवे जिथून दिसतात ती पाण्याखालची छोटी खोली पाहायला सगळ्यांची गर्दी झाली. आमच्यातील निवृत्त अभियंते मात्र मोम्बासा शहराला याच झऱ्यांतून नळाने पाणी जाते हे कळल्यावर जलवाहिनीचाच शोध घेत राहिले.

सिंह आम्हाला पूर्व त्सावोत दिसले, दूरवर झोपलेले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्यापेक्षा वोई नदीचे कोरडे पात्र मला महत्त्वाचे वाटले. तिथे तांबड्या मातीने माखलेली एक हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरत होती. खड्डा खोल झाल्यावर ती सोंड आत घालून थांबे, वर आलेले पाणी तोंडात सोडी आणि पुन्हा सोंड घाली. तिचे पिल्लू मध्ये घुसू लागले की ती त्याला पायानेच हलके बाजूला सारी. कळप निघून गेल्यावर त्या खड्ड्यावर झेब्रे आले आणि गाईडने सांगितले की कोरड्या महिन्यांत अनेक प्राणी हत्तींनी उकरलेल्या पाण्यावरच निभावतात.

नैरोबीच्या परतीच्या वाटेवर पुढच्या वर्षीच्या पैशांवर चर्चा झाली. अभियंत्यांना पंपापासून शाळेपर्यंत पाइप टाकायचा होता, काहींना दुसरा बांध हवा होता. समितीची मागणी मात्र आधी वरच्या उतारावर ‘फान्या जू’ चर खणण्याची होती. आपण समतल चर खणताना माती उताराच्या खालच्या अंगाला टाकतो. फान्या जूमध्ये ती वरच्या अंगाला टाकतात आणि त्या बांधावर गवत लावतात, त्यामुळे काही वर्षांत आपोआप पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार होतात. असे चर असले की उतारावरची माती शेतातच राहते आणि वाळूच्या पोकळ्या बुजवणारा बारीक गाळ नदीत कमी येतो. शेवटी कुदळी, फावडी आणि गवताच्या ठोंबांसाठी पैसे द्यायचे, शाळेच्या पाइपचा विचार छोट्या पावसानंतर करायचा आणि तोवर रात्रीच्या वाळूच्या ट्रकांवर पहारा ठेवणाऱ्यांना विजेऱ्या पुरवायच्या, असे ठरले.