पाणी भरून ठेवलास काय?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या घरी सोप्यात बसून काकांना मोबाइलवरचे फोटो दाखवत होतो. छपरापर्यंत चिखलानं माखलेली दुकानं, झाडाला अडकलेली गाडी, नदीच्या पात्रात आडवं पडलेलं अख्खं घर. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे समुद्राकाठचं गाव काय गा?"

तीच तर गोम आहे. अ‍ॅशव्हिल, जिथं मी नोकरीला आहे, ते नॉर्थ कॅरोलिनातलं डोंगरातलं शहर. उंची साडेसहाशे मीटर, म्हणजे बेळगावपेक्षा शंभरेक मीटरच कमी. बेळगावातून सकाळी निघालं तर चोर्ला घाट उतरून जेवायला पणजीत पोचता येतं. अ‍ॅशव्हिलपासून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर. त्यामुळं चक्रीवादळ म्हटलं की ते टीव्हीवर बघायचं, फ्लोरिडावाल्यांचं. कितीतरी लोक वादळांना कंटाळून, किनाऱ्यावरची घरं विकून तिथं राहायला आले होते. वेधशाळेनं इशारा अगदी कडक शब्दांत दिला होता, पण डोंगरात राहणाऱ्याच्या कानात तो शिरायला हवा ना. माझ्याही शिरला नव्हता.

हेलीन चक्रीवादळ 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. त्या दिवशी संध्याकाळी सातला मी आईला फोन केला. इथं येळ्ळूरला पहाटेचे साडेचार, पण नळाला पाणी आलेलं, म्हणून ती जागीच होती. मागं कळशी भरल्याचा आवाज येत होता. वादळ येणार म्हणतात, असं मी सहज सांगितलं. तिनं वाऱ्याचं विचारलं नाही, घराचं विचारलं नाही. म्हणाली, "पाणी भरून ठेवलास काय?"

मी हसलो. अमेरिकेत चोवीस तास पाणी असतं गं, म्हणालो. पण आमच्या गल्लीत चार-चार दिवसांनी नळ येतो, उन्हाळ्यात आठ. तिचा स्वर ऐकला की आपोआप हात नळाकडं जातो. झोपायच्या आधी बाथटब काठोकाठ भरला. मग पातेली, कुकर, डाळीचा रिकामा डबा, सगळंच भरलं. आपलंच आपल्याला हसू येत होतं.

शुक्रवारी सकाळी वीज गेली, मग फोन, मग नळ.

तिथला पाऊस समजायला आपल्याकडच्या माणसाला काही अवघड नाही. जांबोटी-कणकुंबीला ढग घाट चढताना जसे रिकामे होतात, तसंच ब्लू रिज डोंगरांत झालं. वादळ पोचायच्या आधीच दोन दिवस पाऊस कोसळत होता, माती भिजून लोणी झाली होती. बुसिक नावाच्या ठिकाणी तीन दिवसांत तीस इंचांहून जास्त पाऊस पडला. फ्रेंच ब्रॉड नदीनं 1916 च्या महापुराची खूण ओलांडली आणि साडेचोवीस फुटांवर गेली. डोंगरात दोन हजारांहून जास्त ठिकाणी दरडी कोसळल्या. शेजारच्या टेनेसी राज्याकडं जाणाऱ्या हायवेचा पाया नदीनं आतून पोखरला आणि रस्त्याच्या दोन लेन दरीत गेल्या. देशभरात अडीचशेच्या आसपास माणसं गेली, त्यातली शंभराहून जास्त एकट्या नॉर्थ कॅरोलिनातली. 2005 च्या कॅटरिनानंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इतका जीवघेणा प्रकार झाला नव्हता.

माझं घर टेकडीवर, म्हणून वाचलो. खाली उतरलो तेव्हा नाकात पहिला शिरला तो वास: चिखल, डिझेल आणि कुजकट लाकूड, सगळं एकत्र. बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातावरून ओसरल्यावर येतो त्याचाच थोरला भाऊ.

शहराचं पाणी वरच्या डोंगरातल्या धरणातून येतं, आपलं राकसकोपहून येतं तसं. धरण टिकलं, पण तिथून निघणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या जमिनीसकट वाहून गेल्या. 2004 च्या पुरानं धडा शिकवला म्हणून खोल गाडलेली जादा वाहिनीही गेली. तीन आठवड्यांनी नळाला पाणी आलं ते गढूळ, फक्त संडासात ओतायच्या लायकीचं. पिण्याजोगं पाणी यायला 18 नोव्हेंबर उजाडला. त्रेपन्न दिवस!

शेजारी एक सत्तरीच्या बाई एकट्या राहतात. तिसऱ्या दिवशी दार ठोठावून अगदी संकोचानं म्हणाल्या, संडासाचं काय करायचं? त्या ओढ्यातलं पाणी मगानं कमोडमध्ये घालत होत्या, थोडं थोडं, आणि ते नुसतंच वर चढत होतं. मी बादली घेतली, कमरेच्या उंचीवरून सगळं पाणी एका दमात ओतलं. गडगड आवाज करत खाली गेलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतक्या साध्या कामाला टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मग भांडी कमी पाण्यात कशी विसळायची, तांदूळ धुतलेलं पाणी कुठं वापरायचं, गाळायला जुनं सुती कापड कसं घ्यायचं, अशी माझी शिकवणीच सुरू झाली. उद्यमबागच्या फौंड्रीतला अनुभव सांगून मी व्हिसा मिळवला, पण तिथं कामी आली ती गल्लीतली पाणीभरणी.

लोक कसे वागले, हे काकांना ऐकायचं होतं. पहिले चार दिवस कुणी सरकारची वाट बघत बसलं नाही. ज्याच्याकडं करवत तो रस्त्यावरची झाडं कापत होता. फ्रीज बंद पडले तशी लोकांनी मांस बाहेर काढलं आणि शेगडी पेटवून येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घातलं. कार्डं चालत नव्हती, दुकानावर हातानं लिहिलेली पाटी: फक्त रोख. खिशात नोटा नसलेले लोक बँकेत पैसे असून भिकारी झाले होते. जिथं रस्ता उरला नव्हता तिथं खेचरांच्या पाठीवरून इन्सुलिन आणि पाणी गेलं. अमेरिकेत खेचरं! काकांना हे सगळ्यात जास्त आवडलं.

मग सिग्नल परत आला, आणि त्याच्याबरोबर अफवा. सरकार साडेसातशे डॉलर देऊन हात झटकणार, वादळ मुद्दाम वळवलंय, असलं काय काय. साडेसातशे ही तातडीची पहिली मदत होती, बाकीची वेगळी मिळायची. पण चिखलात बसलेल्या माणसाला कोण समजावणार? पुराचा विमा फारच थोड्या घरांचा होता. डोंगरात कोण काढतो?

"मग अर्ज करालेत की नाही लोक?" काकांनी विचारलं. करतात म्हटलं.

"कुठल्या भाषेत?"

इंग्रजीत, आणि स्पॅनिशमध्येही मिळतो, शिवाय फोनवर दुभाष्या. काका जरा वेळ गप्प बसले. 2019 च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा नदीचं पाणी हायवेवर आलं, त्याच पावसात आमचं नाल्याकाठचं भात बुडालं. तेव्हाचा भरपाईचा कागद कन्नडमध्ये होता. काकांनी तो शेजारच्या पोराकडून भरून घेतला, आणि आपण नेमकी कशावर सही केली हे त्यांना आजही माहीत नाही. "स्पॅनिशमध्ये," ते पुन्हा एकदा म्हणाले आणि तंबाखूची डबी उघडली.

तिकडच्या त्या शेजारच्या बाईंची एक मागणी होती. ओढ्यातून बादली आणताना निम्मं पाणी त्यांच्या पायावरच सांडायचं. आई कमरेवर कळशी घेऊन येते, तोंड अरुंद म्हणून थेंब सांडत नाही, असा फोटो मी त्यांना दाखवला होता. मी इकडं यायला निघताना म्हणाल्या, एक आण माझ्यासाठी.

काल शहापूरला भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पितळी कळशी तराजूत ठेवता ठेवता विचारलं, कुणाला द्यायची? अमेरिकेला न्यायची, म्हटलं.

"का? तिकडं नळ नाहीत होय?"

तेवीस किलोंच्या बॅगेत कळशीनं निम्मी जागा खाल्ली. आई जागा अशी वाया थोडीच घालवणार. कळशीच्या पोटात तिनं शेंगाचटणीच्या पिशव्या कोंबल्यात, तोंडाला फडकं बांधलंय, आणि आता कस्टमवाले काय म्हणतील याची काळजी माझ्यावर सोडून ती झोपायला गेलीय. पहाटे नळ येणार आहे.