सांगली ते इंदूरचं कॅट: जाणार असाल तर हे आधी वाचा

"सांगलीतनं रात्री बसा, सकाळी इंदूर" असं कोण म्हणालं तर सरळ उठून या. अंतर आठशे किलोमीटरच्या वर आहे. आमच्या ट्रॅव्हलवाल्यानं हेच सांगून टेम्पो ट्रॅव्हलर गळ्यात मारली, वर म्हणाला कॅटला, म्हणजे राजा रामण्णा सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी ह्या संशोधन केंद्राला, गेटवर आधार दाखवलं की सोडतात. धादांत खोटं. ते अणुऊर्जा खात्याचं आहे, लेखी परवानगी आधी लागते. आमच्याकडं कॉलेजचं पत्र होतं म्हणून आत गेलो, मिरजेची एक फॅमिली नुसत्या आधारवर आलेली, ती गेटवरनंच परत.

खरा वैताग बिजासन घाट. शिरपूर सोडून एमपीत शिरलं की सेंधव्याच्या आधी लागतो. आम्ही रात्री पोचलो तर ट्रकला ट्रक चिकटून उभे, एक मधेच बंद पडलेला, पुढं जाता येईना ना मागं, पाणी संपलं, पोरं गाडीत उकडून निघाली आणि ह्याचं वेटिंग म्हणून ड्रायव्हरनं वर जादा पैसे मागितले! भांडून निम्मे दिले. घाट उजेडातच पार करा, वेटिंगचं आधी कागदावर लिहून घ्या. मी तर म्हणतो पुण्यातनं इंदूरची रेल्वेच धरा.

आत गेल्यावर मात्र सगळा शीण उतरला. इंडस-२ हे तिथलं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासनं एक्स-रे मिळवायचं यंत्र. त्याची रिंग १७२.५ मीटर घेराची. मायक्रोट्रॉन ह्या पहिल्या यंत्रातनं इलेक्ट्रॉन २० एमईव्हीला (हे ऊर्जेचं माप) निघतात, बूस्टर हे दुसरं यंत्र त्यांना ५५० एमईव्हीपर्यंत नेतं, मग रिंगमधे २.५ जीईव्ही (म्हणजे २५०० एमईव्ही), सेकंदाला सतरा लाखांवर फेऱ्या! चुंबक त्यांना वळवतं तिथं एक्स-रे सुटतात, ते बीमलाइनवर, म्हणजे रिंगपासनं बाहेर काढलेल्या नळीवर, घेऊन प्रोटीन, धातू, काय काय तपासतात. रिंग स्वतः जाड काँक्रीटच्या आड असते, बीम चालू असताना आत कुणीच जात नाही, त्यामुळं तीच बघायची आशा ठेवू नका. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी ह्या महाकाय कण-प्रवेगकाला भारतातनं सुपरकंडक्टिंग करेक्टर मॅग्नेट (कणांच्या झोताची वाट सुधारणारे चुंबक) गेले, ते काम ह्याच सेंटरनं सांभाळलं, हे तिथं उभं राहून ऐकताना ऊर भरून येतो.

इंदूरचं खाणं सगळीकडं लिहिलेलंय, मी लिहीत नाही.

दहावीच्या खालची पोरं नेऊ नका, कंटाळतात. बाकीच्यांना सिंक्रोट्रॉन काय ते वर्गात शिकवूनच न्या. मोबाईल गाडीतच ठेवा. रिक्षावाल्याला नुसतं 'कॅट' सांगा, नाव २००५ साली बदललं तरी गावात तेच चालतं, आणि भाडं बसायच्या आधी ठरवा.