अर्ध्या पेनाचा थेंब

शाईचं पेन गळायला लागलं की पहिला आळ शाईवर येतो, दुसरा पेनावर. खरी चोर बहुतेक वेळा आतली हवा असते. ती दिसत नाही आणि बोटंही निळी करत नाही, म्हणून नेहमी सुटते.

ड्रॉपरने भरायचं पेन घ्या. त्याच्या दांडीत साधारण अडीच मिली शाई मावते. काठोकाठ भरलेलं असताना ते गुण्यागोविंदाने चालतं. कुरबूर सुरू होते ती शाई अर्ध्या मिलीवर आली की, कारण तोवर वर दोन मिली हवा जमलेली असते. लिहायला घेतलं की बोटांची ऊब दांडीला लागते. २५ अंशांची हवा ३३ अंशांवर गेली तर पावणेतीन टक्के फुगते, म्हणजे दोन मिलीमागे साधारण ०.०५ मिली. आकडा किरकोळ वाटतो खरा, पण ड्रॉपरचा एक थेंब तेवढाच असतो. तो पडतो अर्जावर, सहीच्या शेजारी. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

हा थेंब दर वेळी पडत नाही याचं श्रेय निबेखालच्या जिभेला. तिला कंगव्यासारखे दाते असतात. जास्तीची शाई त्या फटींत अडकून राहते आणि लिहिताना हळूहळू वापरली जाते. स्वस्त पेनांच्या जिभेला दाते कमी आणि उथळ, म्हणून ती लवकर भरतात आणि मग शाई वाट मिळेल तिकडे धावते. यावर उपाय फुकटचा आहे. शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पेन भरून टाकायचं. भरायला शाई हाताशी नसेल तर निब वर करून दांडी मिनिटभर मुठीत धरायची. फुगलेली हवा वरून निघून जाते, मग पेन उलटं करून लिहायला लागायचं.

घाट चढतानाही हेच होतं. मुंबईत समुद्राकाठी भरलेलं पेन लोणावळ्याला, म्हणजे सुमारे ६२० मीटरवर पोचतं तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब सातेक टक्क्यांनी उतरलेला असतो. आतली दोन मिली हवा ०.१५ मिलीने पसरते. हे झाले तीन थेंब. पेन खिशात उभं असेल तर निब वर असते आणि फक्त हवा बाहेर पडते. बॅगेत आडवं पडलं असेल तर टोपण उघडताना जरा जपून. विमानात दाब जवळजवळ पाऊण पटीवर येतो. तिथे पेन एकतर पूर्ण भरलेलं न्यावं नाहीतर पूर्ण रिकामं, आणि दोन्ही वेळा उभं.

आता बोटांचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर डाग दिसला की लोक पेनाचा जोड घट्ट पिळतात. प्लॅस्टिकचं पेन असं पिळून चिरतं आणि नसलेली गळती खरोखरच सुरू होते. आधी टोपणाच्या आत बघा. पेन आपटलं, बॅगेत हिंदकळलं की शाईचे शिंतोडे टोपणात उडतात. टोपण लावताना त्याची कड तीच शाई बोटं धरायच्या जागेवर चोपडते. टिश्यूची वात वळून टोपणात फिरवली की खरं काय ते कळतं. वात कोरडी निघाली तर पेन पुसून, जोडाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून तासभर निब खाली करून पेल्यात उभं ठेवा. आट्यांपाशी निळं कडं उमटलं तर जोड गळतोय. डाग निबेच्या मुळाशी असेल तर निब आणि जीभ एकमेकींना नीट चिकटलेल्या नाहीत.

आटे गळत असतील तर सिलिकॉन ग्रीस लावायचं, मोहरीच्या दाण्याएवढंच. जास्त लावलं तर ते जिभेत शिरतं आणि पेन गळायचं थांबतं ते लिहायचंही थांबतं. पेट्रोलियम जेली घरात असतेच, म्हणून हात तिकडे जातो. पण जोडात रबरी कडी असेल तर ती जेलीने फुगून सैल पडते. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप चालते; एक वेढा, फार तर दोन, आणि आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. उलट्या दिशेने गुंडाळलेली टेप पेन बंद करताना गोळा होऊन बाहेर येते.

दौतीतून ओढून भरायच्या पेनाचं दुखणं वेगळं. भरून झाल्यावर दोन-तीन थेंब परत दौतीत सोडायचे, निब वर करायची आणि थोडी हवा आत ओढायची. मग जीभ काठोकाठ भरलेली राहत नाही. हे न करता नुसती निब पुसली तर पहिल्या ओळीतच अक्षरं फुगतात. पूर्वी वर्गात अशा वेळी खडू कामाला यायचा. खडूचं टोक डबक्याला नुसतं टेकवलं की शाई वर चढायची. टिपकागद मिळाला तर उत्तमच, पण दाबायचा, घासायचा नाही.

कपड्यांच्या बाबतीत शाई कोणती, हे आधी बघावं. धुता येणारी निळी शाई साबणाच्या पाण्यात बरीचशी फिकी पडते. लोहयुक्त निळ्या-काळ्या शाईवर ब्लीच मात्र चुकूनही ओतू नये. निळा डाग जातो आणि तिथे गंजाचा पिवळा डाग बसतो, तो आणखी हट्टी. तिला लिंबू-मीठच बरं.

बोटांची शाई साबण आणि चमचाभर साखर चोळून निघते, लगेच धुतली तर जास्तच. नखाच्या कडेची रेघ तेवढी दोन दिवस राहते. कणीक मळली की तीही जाते, फक्त त्या दिवशीच्या पोळ्या कुणी खायच्या ते आधी ठरवून घ्यावं.