न आवडलेल्या बिअरला ४१ गुण

बिअरला गुण द्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे कळायला मला दीडेक वर्ष लागलं. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं ('वेडसर' अशा अर्थाचा हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा), मग इंडिपेंडन्स, एफिंगट अशी स्वतःची बिअर बनवणारी ठिकाणं वाढत गेली. अशाच एका ठिकाणी गव्हाची ताजी हेफेवायझेन प्यायले आणि तिला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आला. यात केळं घातलंय का, असं विचारलं. ग्लास भरणारा मुलगा म्हणाला, "नाही ताई, हा यीस्टचा, बिअर आंबवणाऱ्या खमिराचा वास." घरी येऊन वही केली.

पहिले काही महिने वहीत नुसते दहापैकी आकडे होते. "छान, ७." "कडू, ५." नंतर वाचताना त्यावरून एकही बिअर आठवेना. तेव्हा बिअरचे परीक्षक तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या बीजेसीपी या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता घेतला. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकूण परिणामाला १०. दिसण्यापेक्षा वासाला चौपट गुण आहेत हे पाहिल्यावर मी घोट घेण्याआधी ग्लास नाकाशी धरायला लागले.

शब्द मात्र मला स्वयंपाकघरातच सापडले. हेफेवायझेनमध्ये केळ्याच्या मागे लवंग असते, तीही यीस्टचीच. विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमधले धणे आणि संत्र्याची साल मात्र खरोखर घातलेली असतात. काही फिक्या लागरांना, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या बिअरना, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. तो जास्त असला तर दोष, आणि लोण्याचा वास आला तर बहुतेक शैलींमध्ये तोही दोषच. स्टाउट या काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरसमोर लिहिलं, "करपण्याच्या जरा आधी उतरवलेली कॉफी", आणि आजही ती ओळ वाचली की चव जिभेवर येते.

दर महिन्याला आम्ही घरचे चौघे बसतो. नवरा आत जाऊन ओततो, ग्लासाखाली नंबराची चिठ्ठी ठेवतो, नाव शेवटी सांगतो. प्रत्येकी फक्त दोन-तीन घोट, आणि एका बैठकीत पाचच बिअर, कारण सहाव्या ग्लासाला जीभ खरं सांगत नाही. फिकी लागर आधी, कडवट आयपीए आणि स्टाउट शेवटी. सोबत पाणी आणि साधा पाव. चकली, मसाला शेंगदाणे सगळं संपल्यावर. स्टाउट फ्रिजमधून आधीच काढून ठेवायची. बर्फासारखी गार असली तर वास येतच नाही.

एकदा मोठी चूक झाली. हिरव्या बाटलीतल्या एका लागरला मी ५० पैकी १८ दिले. उग्र गंधकी वास येत होता. नंतर लक्षात आलं, दुकानात ती बाटली काचेच्या दाराशी उन्हात उभी होती. उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं तुटतात आणि हा वास तयार होतो. तपकिरी काच तो बराच अडवते, हिरवी फारसा नाही. तीच बिअर कॅनमधून घेतली तर स्वच्छ, तरतरीत, ३६ गुण. वहीतले जुने १८ मी खोडले नाहीत, शेजारी कारण लिहिलं.

सगळ्यात अवघड गेली ती जर्मनीहून एका मैत्रिणीने आणलेली बाम्बर्गची श्लेंकेर्ला. ही राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. तिचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिला घोट घेतला आणि वाटलं, विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं साल तोंडात आलंय. नणंदेने ग्लास लगेच बाजूला सारला. मी पुन्हा वास घेतला. धूर स्वच्छ होता, घशात बोचत नव्हता, आणि त्याखाली भाजलेल्या पावाच्या कडेसारखं माल्ट नीट लागत होतं. या शैलीत धूर हवाच, त्याला दोष म्हणता येत नाही. वास ११, दिसणं ३, चव १६, पोत ४, एकूण परिणाम ७.

"तुला आवडली नाही, मग ४१ कसे?" नवऱ्याने विचारलं. मी तक्ता त्याच्यापुढे सरकवला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: उत्तम बनवलेली, मी पुन्हा घेणार नाही.