ओल्ड स्वीड्समधली लुसिया

डिसेंबर जवळ आला की आमच्या घरात दोनच चिंता असतात. केशर पुरेल का, आणि पांढऱ्या झग्यांना इस्त्री कुणी करायची. फिलाडेल्फियातल्या ग्लोरिया डे चर्चमध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘ओल्ड स्वीड्स’ म्हणतात तिथे, दर डिसेंबरात लुसिया या ख्रिस्ती संत स्त्रीचा उत्सव होतो आणि त्याला लागूनच स्वीडिश जत्रा भरते. आमचा नाताळ कित्येक वर्षं तिथूनच सुरू होत आलाय.

चर्च तसं चिमुकलंच. लाल विटांचं, वर चौकोनी घंटाघर, भोवती जुनं कबरस्तान. बांधायला घेतलं 1698 मध्ये आणि उपासनेसाठी उघडलं 1700 मध्ये. इकडे सिंहगडावर राजाराम महाराज गेले ते हेच साल. अमेरिका नावाचा देश व्हायला तेव्हा अजून पाऊणशे वर्षं होती. पेनसिल्व्हेनियातलं हे सर्वांत जुनं चर्च. स्वीडिश लोक डेलावेअर नदीच्या काठी 1638 मध्ये उतरले, 1655 मध्ये डचांनी त्यांची वसाहत घेतली, पण माणसं राहिली आणि त्यांचं चर्चही राहिलं. ते लोक लुथरन. त्यांचे पाळक थेट स्वीडनहून यायचे. शेवटचे निल्स कॉलिन 1831 मध्ये वारले, तोवर मंडळींच्या घरात स्वीडिश बोलणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. 1845 पासून हे चर्च एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतलं.

आणि तिथेच माझा धागा जुळला. मी पुण्याची, पंचहौदची. तिथल्या पवित्र नाम देवालयाच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्याच चर्चच्या आवारात वाढलेली. तिथे वेगळा उंच मनोरा, त्यात आठ घंटा. रविवारी त्या वाजायला लागल्या की अख्ख्या गुरुवार पेठेला कळायचं. इथे एकुलती एक घंटा. 1806 मध्ये जुन्या घंटेचा धातू मिसळून ओतलेली. तिच्यावर कोरलेल्या ओळींचा अर्थ असा की जिवंतांना मी चर्चला बोलावते आणि थडग्याकडे मात्र सगळ्यांनाच. रविवारी सकाळी सकाळी हे वाचून कुणाचा उत्साह वाढत असेल, देव जाणे!

पण उपासना सुरू झाली आणि मला पुढचं सगळं पाठ होतं. कबुली, क्षमा, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार, शांतीचा नमस्कार, प्रभुभोजन. क्रम तोच, फक्त भाषा इंग्रजी. रेक्टर, म्हणजे इथले पाळक, म्हणाले, “प्रभू तुम्हांबरोबर असो,” आणि माझ्या तोंडून उत्तर मराठीतच गेलं. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, हसल्या आणि उपासना संपल्यावर मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. कॉफीचे कप विसळायला. चर्चमध्ये माणूस आपला झाला की त्याला आधी विसळायला लावतात, हे पंचहौदमध्येही तसंच होतं.

लुसिया ही खरं तर इटलीतल्या सिसिलीमधल्या सिराक्यूजची संत. रोमन छळात हुतात्मा झालेली. तिचा दिवस 13 डिसेंबर. तिच्या गाण्याची चाल नेपल्सच्या नावाड्यांची. आता ती उत्तरेत स्वीडनमध्ये जाऊन एवढी मोठी कशी झाली, याचं मला नवल वाटायचं. मग तिथला हिवाळा कसा असतो ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं आणि नवल संपलं. दुपारी तीनला अंधार पडणाऱ्या देशात डोक्यावर दिवे घेऊन येणारी मुलगी कुणाला नको असेल?

तालमी नोव्हेंबरातच सुरू व्हायच्या. सगळ्यात लहान पोरं टोम्टे, म्हणजे लाल टोप्यांचे घरराखे बुटके. मोठी मुलं ताऱ्यांवाली: पांढरा झगा, उंच टोकदार टोपी आणि हातात काठीवर सोनेरी तारा. या काठ्या मुलांच्या हाती दिल्या की पाच मिनिटांत तलवारबाजी सुरू. मुली पांढऱ्या झग्यात, आणि सर्वांपुढे लुसिया, कमरेला लाल पट्टा आणि डोक्यावर हिरव्या पानांचा दिव्यांचा मुकुट. आमच्या लेकीने टोम्टेपासून सुरुवात केली. पहिल्या वर्षी ती मधल्या वाटेत मटकन खाली बसली आणि हात धरून ओढली तरी उठेना; मागची सगळी बुटकी फौज तिला ओलांडून पुढे गेली. स्वीडिश असण्याची अट कधीच नव्हती. आसपासच्या वस्तीतली कुठलीही मुलं यायची, इटालियन, आयरिश, काळी, चिनी, आणि आमची ही पुणेकरीण.

ज्या वर्षी मुकुट तिच्या वाट्याला आला, त्या वर्षी घरात माझी आणि तिची चांगलीच जुंपली. मी सवयीने सकाळी केसांना तेल लावायला बसवलं. “आई, आज तेल नको, दिवे आहेत डोक्यावर!” हे तिनेच मला सांगितलं. तालमीला ज्या आजी मुकुट बसवायच्या, त्यांनी तर एक ओला सुती रुमाल काढून दाखवला. स्वीडनमध्ये खऱ्या मेणबत्त्या लावतात तेव्हा मुकुटाखाली असा रुमाल ठेवतात, मेण केसात उतरू नये म्हणून. मग त्यांनी तिला चालायला शिकवलं. मान ताठ, नजर समोर, पाय घासत नाही आणि उचलूनही नाही. आमच्या पोरीला घरात सांगून सांगून जे जमलं नव्हतं, ते त्या आजींनी एका दुपारी जमवलं.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला चर्च खच्चून भरतं. वर छताला दोन जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत, कालमार निकेल आणि फोगेल ग्रिप. पहिले स्वीडिश लोक ज्यांतून आले तीच ही दोन. सज्जाच्या कठड्यावर लाकडात कोरलेले गुबगुबीत पंखवाले देवदूत आणि त्यांच्यापुढे उघडं बायबल. त्यावर स्वीडिशमध्ये यशया संदेष्ट्याची ओळ, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिल्याची. दिवे मालवले की कुजबुज थांबते आणि पलीकडच्या हायवेची घरघर ऐकू येते. मग मागून आवाज येतो, आधी एकटा, मग सगळ्यांचा. गाण्याचे शब्द मला आजही नीट येत नाहीत. लेक मुकुट घालून माझ्या बाकाशेजारून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी एकाग्र मी तिला परीक्षेतही बघितलेली नाही.

त्या हायवेबद्दल मात्र राग आहे. आय-95 काढताना चर्चच्या भोवतालच्या वस्तीतली कित्येक जुनी घरं पाडली. आता एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला नदीकाठचा मोठा रस्ता, आणि मधे ही इमारत. रविवारच्या उपासनेला रस्ता ओलांडून मुद्दाम येणारे थोडेच. पण जत्रेला अख्खी वस्ती येते. ज्यांनी वर्षभरात एकदाही प्रार्थना केली नाही, ते गवताचे बोकड आणि मेणबत्त्या विकत घ्यायला रांगेत उभे असतात. काहींना हे खटकतं. मला नाही. दाराशी गरजूंसाठी डबाबंद अन्नाचं खोकं ठेवलेलं असे. जत्रेला आलेलीच माणसं त्यात डाळीचे, सूपचे, ट्यूनाचे डबे टाकून जायची. नाताळाच्या उपासनेला त्यातले किती येत हा प्रश्न त्या डब्यांना पडत नसे. नंतर ते डबे निवडून, तारखा बघून, पिशव्या भरायचं काम आम्हा स्वयंपाकघरवाल्यांकडे. तारीख उलटलेला एखादा तरी डबा निघायचाच, आणि तो कुणी दिला असेल यावर खमंग चर्चा व्हायची.

रांग कबरस्तानातून वळते. तिथे अलेक्झांडर विल्सन आहे. अमेरिकेतले पक्षी हिंडून हिंडून टिपणारा हा स्कॉटिश विणकर 1813 मध्ये वारला. जिथे पक्षी गातील अशा जागी पुरा, ही त्याची इच्छा. कॉफीचे कप हातात घेऊन मुलं त्याच्या थडग्याभोवती पळापळी खेळतात. बेट्सी रॉस, जिने पहिला अमेरिकी झेंडा शिवला असं म्हणतात, तिचं दुसरं लग्न 1777 मध्ये या चर्चमध्ये लागलं, हे वाटाडे आवर्जून सांगतात. मी पाहुण्यांना आपला वेगळाच दाखला देते. आनंदीबाई जोशी याच शहरात डॉक्टर झाल्या, आणि 1886 मध्ये त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. इंग्लंडात वाँटेजच्या मठातल्या ज्या सिस्टर्सकडे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्याच मठाच्या सिस्टर्स आमच्या पंचहौदमध्येही होत्या. हे ऐकल्यावर “तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?” हा प्रश्न पुढे येत नाही.

बाकी खरी जत्रा स्वयंपाकघरात. लुसियाच्या दिवशी केशराचे पाव करतात, इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, दोन्ही वेटोळ्यांत एकेक मनुका. पहिल्या वर्षी मी पाहिलं तर केशराची चिमूट कोरडीच पिठात टाकत होते, तीही अगदी हात आखडून. महाग ना! मला राहवेना. खलात चिमूटभर साखरेबरोबर केशर खलून, कोमट दुधात भिजवून दाखवलं. दुधाला रंग चढलेला बघून कॉफीवाल्या एक आजी म्हणाल्या, “इतकी वर्षं आम्ही पैसे फुकट घालवले.” तेव्हापासून केशर खलायचं खातं माझ्याकडे आहे. पुण्याहून कुणी येणार असलं की मी आधी केशर सांगते, मग बाकीचं.

मग एका वर्षी मी करंज्या नेल्या. विकायला नाही, आपल्या माणसांना खायला. जत्रेच्या समितीने त्यातल्या निम्म्या परस्पर विक्रीच्या टेबलावर मांडल्या आणि भाव किती ठेवायचा यावर वाद सुरू. मी म्हटलं, नाताळच्या फराळाला भाव नसतो. खजिनदार बाई म्हणाल्या, छपराला असतो. जुन्या इमारतीचं छप्पर किती पैसे खातं हे मलाही ठाऊक होतं, गप्प बसले. करंज्या दुपारच्या आतच संपल्या. गेल्या वर्षी लेक कॉलेजमधून सुट्टीला आली होती, तिनेच टेबल सांभाळलं आणि मोडकी करंजीसुद्धा पूर्ण भावात विकली. आवराआवर करताना आजींनी पुढच्या वर्षाची यादी भिंतीवर लावली, आणि माझ्या नावापुढचा करंज्यांचा आकडा मला न विचारता दुप्पट करून टाकला.