चिकाच्या रेषा

सतरा वर्षं रावेर तालुक्यात चित्रकला शिकवतोय. शाळेच्या कुंपणापलीकडे लगेच केळीची बाग आहे.

त्या आठवड्यात नववीच्या मुलांना अर्धा कार्ट्रिज कागद दिला होता. काळी शाई, टाक, विषय 'आपलं गाव'. पेन्सिल नाही, पट्टी नाही. घरून काढून आणायचं. बहुतेकांनी डोंगर, सूर्य, कौलारू घर आणलं. एका मुलीच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

मधोमध एक जाड रेघ. तिच्यातून एकाच तिरकसपणे फुटलेल्या शेकडो बारीक रेघा. मला वाटलं, भुसावळचं रेल्वे यार्ड. खाली कमानीसारख्या वळलेल्या पट्ट्या, प्रत्येकीत चौकोनी खणांची रांग. हे डब्याच्या खिडक्यांसारखं. आणि मध्येच तपकिरी रेषा. शाई काळीच वापरायची असं बजावलं होतं, म्हणून मी जरा कडकच बोललो.

"सर, ती शाई नाही. केळीचा चीक आहे."

तिचे वडील घड कापायला जातात. त्यांच्या सदऱ्यावरचे डाग कितीही घासले तरी निघत नाहीत. तिनं ताज्या देठाच्या चिकात टाक बुडवला होता. ओढताना रेषा पाण्यासारखी, जवळजवळ दिसतच नव्हती. वाळत गेली तशी उमटली. म्हणजे या मुलीनं अर्धं चित्र न दिसता काढलं होतं!

"आणि हे डबे?"

ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत बागेतून घड उतरवलेल्या खांबाचा तुकडा घेऊन आली. आडवा कापलेला, पाणी गळत होतं. एकात एक बसलेली सोपटं, म्हणजे खांबाचे थर, आणि प्रत्येक सोपटात हवेचे खण ओळीनं. तिनं एकही खण मनानं काढलेला नव्हता. असे खांब बांधावर पडलेले मी रोज ओलांडतो.

मग मी बोट ठेवून शोधायला लागलो, पान कुठं संपतं आणि रूळ कुठं सुरू होतात. सापडेना. मधली शीर सरळ जात जात रूळ झाली होती. वाऱ्यानं केळीचं पान शिरांच्या रेषेतच फाटतं. त्या फटींमधून तिनं दोन रुळांमधली मोकळी जागा काढली होती, आणि जिथं दोन चिंध्या पुन्हा जवळ येतात तिथं सांधा. गेल्या जूनच्या वादळात त्यांच्या शेजारची बाग आडवी झाली, तेव्हा पानं अशीच फाटली होती, एवढंच ती म्हणाली.

आम्ही निसर्गचित्र एका तासाला शिकवतो, भूमिती दुसऱ्या. मला त्या दिवशी ही वाटणी फार खटकली.

फळ्याशेजारी कागद लावताना विचारलं, "वरची बाजू कोणती?"

"बाबा कापायला उभे राहतात ती खाली, सर."

मी कागद फिरवला आणि टाचण्या लावल्या.